भिंतीतल्या विहीणबाई

१२ फेब्रुवारी

भिंतीला भगदाड पाडून गेली!

लेक काल पहिल्याच गाडीने आली, काच बसवणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन. पाणी प्यायच्या आत फोटो खाली. माझे वडील, ह्यांची आई, आमच्या लग्नातला तो आंबट चेहऱ्यांचा फोटो – सगळे उचलून बोळात. त्यांच्या जागी दाराएवढी काळी काच, आडवी. माझ्या वेताच्या खुर्च्या गोलात असायच्या, एकमेकींकडे तोंड करून. त्याही फिरवल्या. आता सगळ्या भिंतीकडे बघतात, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या.

"टीव्ही नाही गं आई, खिडकी समज," लेक म्हणाली. "अशीच आमच्या हॉलमध्ये आहे. दिवसभर दोन्ही चालू. तू आम्हाला दिसणार, आम्ही तुला. एकाच घरात असल्यासारखं! तू एकटी असतेस, आम्हाला चैन पडत नाही."

हे गेल्यापासून मी एकटी आहे. तेव्हापासून चैन पडत होतं, आताच काय झालं? हे मनात. तोंडाने म्हणाले, "चहा टाकते."

तिने बटण दाबलं. काचेत विहीणबाई! लेकीच्या सासूबाई. चष्मा नाकावर, मांडीवर लोकर, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत जशाच्या तशा. मी केस बांधत होते, हात डोक्यावरच राहिले.

त्यांनी माझ्या खोलीभर नजर फिरवली. म्हणाल्या, "अगंबाई, लहानच आहे की हो! फोटोत मोठी वाटायची."

१३ फेब्रुवारी

गाऊनवर चहा घेऊन बाहेर आले. विहीणबाई हजर! तशीच मागे फिरले. स्वतःच्या घरात स्वयंपाकघरात उभ्याने चहा!

१८ फेब्रुवारी

काल काचेवर चादर टाकली. लगेच लेकीचा फोन. "आई, चादर काढ. सासूबाई म्हणाल्या तू काहीतरी झाकलंस." चुगलीखोर!

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या – दार उघडं असलं तरी टकटक करायची, 'या' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ते माझ्या हाडांत भिनलंय. लेकीच्या खोलीतही मी कधी टकटक केल्याशिवाय गेले नाही. आणि आता? आता अख्खं घरच्या घर टकटक न करता माझ्या घरात. जावई बनियनवर दात घासत फिरतात. मलाच लाज वाटते. त्यांना वाटत नाही!

म्हातारीला नवं काही सोसत नाही, असं लेक जावयाला म्हणाली. ऐकलं मी. खोटं आहे. रेडिओ घरात आला तेव्हा सगळ्यांत आधी मी नाचले होते. पण रेडिओ बोलायचा, बघायचा नाही. बातम्या लागायच्या, हे वाटाणे सोलायचे, मी उसवलेलं शिवायचे, लेक आमच्यामध्ये सतरंजीवर पालथी पडून पाय हलवायची. कान रेडिओकडे, पण तोंडं एकमेकांकडे. मध्येच हे माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, बातमीवरची टीका म्हणून. ती भुवई अजून आठवते.

या काचेत कोणी कोणाकडे बघून भुवई उडवत नाही. सगळे येता-जाता हात हलवतात. मीही हलवते. फलाटावर उभी असल्यासारखी.

२७ फेब्रुवारी

विहीणबाई आज म्हणाल्या, "तुमच्या पडद्यांवरची धूळ इथून दिसते हो."

मी म्हटलं, "बरं झालं. मला जवळून दिसत नव्हती."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर तुमचा वाढलाय. पडद्यावर फुलं आहेत ती, धूळ नाही."

आयुष्यभर गणित शिकवलं त्यांनी. अजून तास चालूच आहे. लग्नाच्या वेळीही मला म्हणाल्या होत्या, "टेलिफोनवर होतात ना तुम्ही? म्हणजे बोलायची सवय!" त्यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.

संध्याकाळी लेक आणि जावई कुठूनसे एकदमच आले. चेहरे उतरलेले. विहीणबाई आत आडव्या झाल्या होत्या. जावई हळू आवाजात म्हणाले, "अगं पण आईचं..." एवढं कानावर पडलं आणि मी उठले. थेट स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, गावोगावचे फोन जोडण्यात. कॉर्ड लावायची, पलीकडून 'हॅलो' आलं की खटका फिरवायचा आणि आपण बाजूला. ऐकायचं नाही. कोणाचं लग्न मोडत होतं, कोणाचं माणूस जात होतं – सगळं माझ्या हातांखालून गेलं, कानांतून नाही. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: आपण तार आहोत, तारेला कान नसतात. या काचेचं हेच तर दुखणं. कॉर्ड लावून ठेवलीय आणि बाजूला व्हायला जागाच नाही!

आवाज थांबल्यावर बाहेर आले. लेक डोळे पुसत होती. म्हणाली, "मग चालेल ना आई तुला?"

काय चालेल ते विचारलं नाही. नवराबायकोचं मी कशाला उकरू? म्हटलं, "चालेल गं. न चालायला काय झालं?"

९ मार्च

खारूने चित्र काढलं. नात माझी. खारीसारखी सारखी काहीतरी कुरतडत असते म्हणून खारू. चित्रात आई, बाबा, आजी, आणि कोपऱ्यात एक चौकोन. चौकोनात मी.

"ही टीव्हीआजी," ती म्हणाली.

टीव्हीआजी! तान्ही असताना हिला मांडीवर पालथी घालून तेल लावलं ते मी, आणि मी टीव्हीआजी! आजी कोण, तर त्या – धूळ मोजणाऱ्या.

"माझे पाय कुठेत गं?" मी विचारलं.

"तुला नसतात," ती म्हणाली आणि बिस्कीट खात निघून गेली.

२१ मार्च

विहीणबाई खारूसाठी स्वेटर विणतात. काच लागली तेव्हापासून एकच बाही चालू आहे. मला चेव आला. इतके दिवस धूळ, नंबर, खोलीची लांबी-रुंदी ऐकून घेतली होती. म्हटलं, "विहीणबाई, नातीसाठी विणताय की हत्तीच्या पिल्लासाठी? सोंडेला घालायचंय का?"

त्यांनी खाली बघितलं. बाही मांडीवरून घसरून जमिनीपर्यंत गेली होती. जमिनीवरही पडली होती, गुंडाळी होऊन.

त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी ती हळूहळू वर ओढली, जशी विहिरीतून बादली ओढतात. ओढली, ओढली, संपेचना. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. ही कोणी विणली, असा चेहरा होता.



२२ मार्च

घर रिकामं झाल्यावर त्यांनीच हाक मारली. "अहो, ऐकता का?"

"ऐकतेय."

"काल पाहिलंत ते मुलांना सांगू नका."

 मग त्या एकदम फणकारल्या, "काही झालेलं नाही मला! एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवू?"

"पाढा राहू द्या. काल रात्री काय जेवलात ते सांगा."

का बोलले असं! त्यांचं तोंड उघडंच राहिलं. डोळे छताकडे गेले, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे – माझ्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं असावं तसे. मला ठाऊक होतं उत्तर. सूप आणि पाव. इथून दिसलं होतं सगळं.

"सूप," मी म्हटलं.

"माहीत आहे मला!" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने: "कळलं तर म्हाताऱ्यांच्या संस्थेत नेऊन ठेवतील हो. नाही सांगणार ना?"

"तारेला कान नसतात," मी म्हटलं. त्यांना कळलं नसेल. पण शब्द दिला.

१० एप्रिल

आम्ही मैत्रिणी झालो असं कोणी समजू नये. दिवसभर भांडतो.

"विहीणबाई, गॅस!"

"बंदच करत होते. ओरडू नका, बहिरी नाही मी."

"चष्मा डोक्यावर आहे."

"शोधत कोण होतं? डोकं खाजवत होते."

सगळी बाही उसवायला लावली. परत टाके घालायला लावले. मीही लोकर घेऊन समोर बसले. शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं विणकाम, बोटं विसरली नाहीत. एक ओळ त्या, एक ओळ मी. "आता थांबा, मनगट आलं. बंद करा टाके." "मला शिकवू नका!" पण थांबल्या. खारूची एक बाही झाली. खारूच्याच मापाची.

वैताग आहे नुसता. बाजारात जायचं तर जीव वर-खाली. अंघोळीला दार लोटून, कान बाहेर. मी माझ्या खुर्चीला बांधली गेलेय आणि बांधणारी बाई उठता-बसता माझी अक्कल काढते. काल म्हणाल्या, "तुम्हाला काही कामधंदा नाही का हो? सारख्या समोर बसलेल्या असता!"

१७ एप्रिल



दुपारी भाजी निवडून बाहेर आले. काचेत खुर्ची रिकामी. सुया जमिनीवर. आणि कोपऱ्यात त्यांचं बाहेरचं दार सताड उघडं. मागे रस्ता, गाड्या.

"विहीणबाई!" उत्तर नाही. लेकीला फोन – उचलत नाही, मीटिंग. जावई – बंद. काय करू? इथून त्या दारापर्यंत चार पावलं दिसत होती, आणि मध्ये अख्ख्या दिवसाचा प्रवास! काचेवर हात आपटले. एकाच घरात म्हणे! घरात असते तर धावले असते. इथे मी नुसती चित्रासारखी ओरडत उभी. पाय नसलेली!

घसा फुटेस्तोवर ओरडले. शेवटी त्यांच्या शेजारचा दाढीवाला दारात आला. घाबरत आत डोकावला. "कोण आहे? मावशी, कुठे आहात तुम्ही?"

"भिंतीत!" मी म्हटलं. "इकडे बघा! म्हातारी बाहेर गेलीय, धावा!"

बिचारा तसाच पळाला. घेऊन आला त्यांना हाताला धरून. कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायच्या बेतात होत्या. एका पायात चप्पल, एका पायात नाही. "मुलं वर्गात खोळंबली असतील," त्या त्याला सांगत होत्या. "घंटा केव्हाच झाली."

मग खुर्चीत बसल्या, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "घामाघूम का झालात? पंखा लावा की."

१८ एप्रिल

शब्द मोडला. लेकीला सगळं सांगितलं – बाही, गॅस, दार. बोलताना रडले. नोकरीत असताना कोणाचा 'क'सुद्धा बाहेर काढला नव्हता मी.

ती म्हणाली, "आई, आम्हाला माहीत आहे."

"काय?"

"अगं, डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी हॉलमध्येच बोललो ना आम्ही! तू स्वयंपाकघरात होतीस, वाटलं ऐकतेयस. तुला विचारलं, दिवसभर तू लक्ष ठेवशील का, चालेल का. तू चालेल म्हणालीस. मी तर रडले गं त्या दिवशी, आईने एका शब्दात होकार दिला म्हणून."

नळ! मी नळ सोडून बसले होते!

"आणि ही काच?" मी विचारलं. "माझ्या एकटेपणासाठी ना?"

"तुझ्यासाठीही. पण सासूबाईंच्या विसरण्याची शंका आधीपासून होतीच. वाटलं, दोघींचीही काळजी एकदम मिटेल."

एका दगडात दोन म्हाताऱ्या! सरळ तोंडाने विचारायचं होतं. बस माझ्यासमोर, आई, मला गरज आहे तुझी. नाही म्हटलं असतं का मी? पण नाही. खिडकी म्हणे! एकाच घरात म्हणे! पहारेकरी नेमला, आणि पहारेकऱ्याला सांगितलं, तुझी करमणूक करतोय.

"चिडू नकोस ना गं," ती म्हणाली. फोन ठेवला मी.

१९ एप्रिल

सकाळी विहीणबाई माझ्याकडे बघेनात. जावई काही बोलले असणार. शेवटी म्हणाल्या, "सांगितलंत ना? वाटलंच होतं. टेलिफोनवाली ना तुम्ही!"

काल काय जेवल्या ते आठवत नाही, आणि हे बरोबर आठवतं!

मी उठले. भिंतीतून प्लग उपटला.

२६ एप्रिल

शांतता. खुर्च्या परत गोलात लावल्या. गाऊनवर, खुर्चीत पाय वर घेऊन चहा पिते. रेडिओ लावते. हवं होतं ते सगळं आहे.

गोलात लावल्या खऱ्या. पण सहा खुर्च्या आणि मी एक. कोणी कोणाकडे तोंड करायचं?

लेकीचा फोन. तिच्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलते.

"सासूबाई जेवत नाहीत," ती म्हणाली. "दिवसभर काळ्या काचेसमोर बसतात. विचारतात, समोरच्या बाई कुठे गेल्या? मी विचारलं कोणत्या बाई, तर म्हणाल्या, त्या भांडकुदळ."

"मदतीला कोणी ठेव."

"ठेवली होती. तिच्या अंगावर सूप फेकलं. आई, समोर ओळखीचं माणूस असलं की त्या ठीक असतात. नाहीतर... संस्थेत जागा सांगून ठेवलीय. पुढच्या महिन्यात."

"माझ्यावर ढकलतेस?"

"नाही गं." आवाज फुटला तिचा. "मलाही नाही पाठवायचं त्यांना."

किती दिवसांनी माझ्याशी असं उघड बोलली. काचेत नाही, फोनवर. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक.

२ मे

ठरलं. मी जाते. बॅग भरली.

ओळखीचं माणूस हवंय ना? मग हाडामासाचं घ्या! काचेतून का? हाताला धरून बसवीन, जेवायला घालीन, दाराला आतून कडी लावीन. भांडायचं तर तेही समोरासमोर. कोणाला कुठल्या संस्थेत पाठवायची गरज नाही. लेकीला म्हटलं, "बघच तू. माणसाचं काम माणूसच करतं."

काळी काच बघून सासूबाई बिथरतात म्हणे, म्हणून तिच्या आग्रहाखातर निघताना प्लग लावून काच चालू केली. बघा म्हणावं रिकाम्या खोलीकडे.

४ मे

काल संध्याकाळी पोचले. दारात खारू. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि किंचाळली, "टीव्हीआजी! तुला पाय आहेत!" पायांनाच मिठी मारली. जन्माचा शीण गेला.

आत विहीणबाई. काचेत दिसतात त्यापेक्षा लहान आहेत. मनगटं काड्यांसारखी. मी समोर जाऊन उभी राहिले, म्हटलं, "काय विहीणबाई, धूळ पुसून आलेय. बघा, दिसते का कुठे?"

त्या उठल्या. दोन्ही हातांनी मला खुर्ची दिली. "या, या. बसा ना. प्रवास नीट झाला? चहा घेणार?"

गोड बोलल्या. माझ्याशी! 

आज दिवसभर प्रयत्न केला. डिवचलं, टोमणे मारले, अक्कल काढली. सगळ्याला एकच उत्तर – पाहुण्यांना देतात तसं हसू. भरवायला गेले तर तोंड मिटून घेतलं. "नको हो. परक्यांना कशाला त्रास!"

५ मे

सकाळी त्या काचेसमोर बसल्या होत्या. काचेत माझी बाहेरची खोली, रिकामी. मी त्यांच्या मागे दारात.

"अहो," त्या काचेतल्या माझ्या खुर्चीला म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी बाई राहायला आल्यात. बऱ्या आहेत स्वभावाने, पण फार बोलतात. तुम्ही कुठे तडमडलात? मी जेवायची थांबलेय ना!"

"आलेच हो," मी मागून म्हटलं.

त्या वळल्या नाहीत. काचेकडे बघूनच हसल्या.

उद्या पहिल्या गाडीने घरी.